टिचकी

मडकं वाजवून घ्यावं, हे मलाही कबूल आहे; पण ते माठाच्या दुकानात! माझ्या मैत्रिणीच्या, सुमेधाच्या सिरॅमिकच्या प्रदर्शनात एक अंगठीवाले काका प्रत्येक फुलदाणीला टिचक्या मारत फिरत होते. तीन फुलदाण्या भट्टीत फुटल्यावर चौथी एकदाची टिकली होती, पापडासारख्या पातळ काठाची. काकांच्या अंगठीने तीच तडकली.

“बघा, कच्चीच होती!” काका विजयाने म्हणाले.

माझं टाळकं सणकलं. माणसांनाही आपण असंच ठोकून बघतो, आणि तडकेल त्याला कच्चं म्हणून मोकळे होतो. ठोकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही!

सुमेधाने तुकडा उचलला. ती काकांकडे वळली.

“काका, डोकं जरा पुढे करा. नीट भाजलंय का, वाजवून बघते.”