रिकाम्या हातांची फेरी

शालिनीताई पेडणेकर सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मला हातातला ट्रे खाली ठेवायला लावला. बी.ए. झाल्यावर दोन वर्षे कचेरीत टायपिंग करून मग मी नर्सिंगकडे वळले होते. उपनगरातल्या आमच्या महापालिका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात बदली झाली तेव्हा मी पस्तिशीला आले होते आणि आपल्याला काम येते अशी माझी समजूत होती. इंजेक्शनचा ट्रे घेऊन पहिल्या खाटेकडे निघाले, तशा सिस्टर आडव्या आल्या. म्हणाल्या, "आज फक्त ओळख करून द्यायची आहे तुमची. त्याला सुई कशाला?"

मग त्यांनी मला त्यांच्याबरोबर फिरवले. सकाळची औषधे, ड्रेसिंग, डॉक्टरांचा राउंड आटोपला की अकराच्या सुमारास त्या पुन्हा प्रत्येक खाटेपाशी जात. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून दोन्ही तळवे उघडून दाखवत आणि मग बुटके स्टूल ओढून बसत. नाडी नाही, तक्ता नाही. नवीन मूल आधी त्यांचे तळवे बघे, मग पाठीमागे काही लपवले आहे का ते बघे, आणि दोन-तीन दिवसांनी बोलू लागे. आम्ही चेष्टेने याला रिकाम्या हातांची फेरी म्हणत असू. "सिस्टर गप्पांना निघाल्या, आता बारापर्यंत वॉर्ड आपल्या डोक्यावर," असेही म्हणत असू. म्हणणाऱ्यांत मी होते.

त्या काळी मुलांच्या वॉर्डात मुलाचे दुखणे बघत, मुलाकडे बघायला फारशी कोणाला सवड नसे. सिस्टरांनी ती सवड काढली. एकदा चौदा वर्षांच्या एका मुलीबद्दल मी रिपोर्ट बुकात 'ऐकत नाही, अंग पुसू देत नाही' असे लिहिले. सिस्टरांनी ते वाचले आणि मला त्या मुलीच्या खाटेवर बसवले. खाट दारासमोर होती. भेटीची वेळ होती, पुरुष माणसे ये-जा करत होती. "आता सांगा, इथं तुम्ही पुसून घ्याल अंग?" एवढेच त्यांनी विचारले. त्याच आठवड्यात जुन्या चादरी शिवून त्यांनी मोठ्या मुलींच्या कोपऱ्याला पडदा केला. रिपोर्ट बुकात 'ऐकत नाही' हे शब्द लिहायला त्यांची मनाई होती. का ऐकत नाही, ते लिहा, असे त्यांचे म्हणणे असे.

दुसरी मनाई खोट्याची. टोचणार असेल तर टोचणार म्हणून सांगायचे. एका नवीन नर्सने मुलाला, मुंगी चावल्यासारखे वाटेल, असे सांगितले, तेव्हा सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुंगी त्याला आधी चावलेली आहे हो. त्याला फरक कळतो."

हे सगळे मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षे पाहिले, शिकले आणि तोंडपाठ केले. म्हणून पुढचे लिहिताना मला सबब नाही.

सिस्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी समितीचे पत्र आले, त्यात 'हिराच्या निरोपांचा प्रसंग अवश्य लिहावा' अशी सूचना होती. आमच्या वर्तुळात हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. एका समारंभात आमच्या डॉक्टरांनी तो भाषणात सांगितला आणि टाळ्या झाल्या. त्या टाळ्या माझ्यासाठी होत्या. सिस्टर दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला. तो प्रसंग सर्वांना माहीत आहे तसा घडलेला नाही. या अंकात तो जसा घडला तसा लिहिते. हिराची परवानगी मी घेतली आहे.

ब्याऐंशी सालच्या मे महिन्यात मार्वे रोडवर मासळीचा टेम्पो उलटला. त्यातून मढची एक कोळीण मालाडच्या बाजाराला चालली होती आणि शाळेला सुट्टी म्हणून बारा वर्षांची लेक तिच्याबरोबर होती. ही लेक म्हणजे हिरा. तिच्या मांडीचे हाड मोडले होते. पायाला वजने लावून तिला आमच्या वॉर्डात दीड महिना उताणे पडून राहायचे होते. आईला खालच्या मजल्यावर स्त्रियांच्या वॉर्डात ठेवले होते. तिसऱ्या दिवशी आई गेली.

हिराचे वडील होडीवर होते. ते धावत आले, क्रियाकर्म झाले, पण मुलीसमोर उभे राहण्याचा त्यांना धीर होईना. तिच्या मामांनी डॉक्टरांना विनंती केली की इतक्यात पोरीला सांगू नका, ती हाय खाईल. डॉक्टरांनी मान्य केले. पेडणेकर सिस्टर त्या वेळी रजा घेऊन गावी, वेंगुर्ल्याकडे गेल्या होत्या. हे सगळे खरे आहे आणि ते पुढे करून स्वतः मागे सरण्याचा मोह मला होतो. पण इतक्यात सांगायचे नाही, एवढेच त्यांचे ठरले होते. निरोप आणणे ही माझी कल्पना.

हिरा जेवेना. आई जेवली का, एवढेच विचारी. मी म्हटले, विचारून येते. वॉर्डाच्या दाराबाहेर जिना होता, तिथे दोन-तीन मिनिटे उभी राहिले आणि परत येऊन सांगितले की आई जेवली आणि तुलाही जेवायला सांगितलेय. ती जेवली. मला इतके हायसे वाटले की दुसऱ्या दिवशी मी तिने विचारण्याची वाट पाहिली नाही. आई म्हणते केस विंचरून घे. आई म्हणते सुट्टीचा अभ्यास कर. मला ते जमू लागले, आणि खरे सांगायचे तर आवडू लागले.

आठवड्याभराने तिने विचारले, "आईला विचारा, मोती बरा आहे का?" कुत्रा असणार हे मी ताडले. नेहमीप्रमाणे जिन्यात उभी राहिले, उत्तर तयार केले आणि आणले: मोती बरा आहे, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलाय. हिरा माझ्याकडे बघत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "बरं."

मी रोज डायरी लिहिते. त्या दिवशीचे पान आज समोर आहे. त्यावर लिहिले आहे, 'मोतीचा निरोप ऐकून हिरा हसली. आज खऱ्या अर्थाने नर्स झाल्यासारखे वाटले.' हे वाक्य मी गेल्या आठ दिवसांत अनेकदा वाचले आहे. ते खोडावेसे वाटते, पण खोडलेले नाही.

त्यानंतर हिरा स्वतःहून रोज आईसाठी निरोप देऊ लागली आणि मी आणलेले निरोप ऐकून ताट रिकामे करू लागली. डॉक्टरांनी माझे कौतुक केले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर रजेवरून परतल्या. अकरा वाजता रिकाम्या हातांनी निघाल्या आणि हिराच्या खाटेपाशी अर्धा तास बसल्या. मग त्यांनी मला कपड्यांच्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"मोती कोण?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "हिराचा कुत्रा."

"तिच्याकडं कुत्रा नाही. कधीच नव्हता."

माझ्या लक्षात येईना. सिस्टरांनी मग सगळे समजावून सांगितले. दाराच्या काचेतून हिराला जिना दिसत होता. मी खाली जात नाही, तिथेच उभी राहते, हे तिने पाहिले होते. तरी खात्री करावी म्हणून तिने नसलेल्या कुत्र्याची चौकशी केली, आणि मी त्याची खुशाली घेऊन आले. आई आता नाही, हे तिला त्या क्षणी कळले. तिची खाट खिडकीशी होती. मी पाठ फिरवली की ती ताटातला भात गजांतून बाहेर टाकी. कावळ्यांनी न नेलेली वाळलेली शिते सिस्टरांना खिडकीबाहेर दिसली होती. "दंड बघितलेत तिचे?" त्यांनी विचारले. मी बघितले नव्हते. रोज तिचे तोंड बघत होते, निरोप ऐकून कसे होते ते.

"मग ती रोज ऐकून का घ्यायची?" मी विचारले.

सिस्टर म्हणाल्या, "मला म्हणाली, त्या सिस्टरना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

सिस्टर एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. मालवणी त्यांच्या तोंडी क्वचित येई. त्या दिवशी माझा हात धरून त्या म्हणाल्या, "खोटां कित्याक सांगितलंस गो?" आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

बारा वर्षांच्या त्या मुलीने आईचे मरण दोन आठवडे एकटीने सांभाळले होते, आणि वर मलाही सांभाळले होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतले, त्यांना खाटेवर लेकीला टेकून बसवले आणि मलाही उभे राहायला सांगितले. तळवे उघडून त्या स्टुलावर बसल्या. "हिरा, तुझी आई गेली. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी, खालच्या वॉर्डात. तुला विचारायचं असेल ते विचार."

हिराने विचारले, "माझं नाव काढलं का तिनं?"

सिस्टर म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी तेव्हा इथं नव्हते. विचारून येते."

त्या उठून गेल्या. जिन्यात थांबल्या नाहीत, खाली उतरल्या. वीस मिनिटांनी धापा टाकत परत आल्या आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. "खालच्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, ती शुद्धीवर आलीच नाही. कोणाचंच नाव काढलं नाही."

माझ्या मनात उत्तर तयार होते. शेवटपर्यंत तुझेच नाव घेत होती, असे मी सांगितले असते. सिस्टरांचे उत्तर ऐकून हिराने वडिलांच्या सदऱ्यात तोंड घातले आणि ती रडली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मलाही हुंदका आला. तेव्हा सिस्टर हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "तुका रडूचां आसात तर भायर जा. हंय आधी तेका रडांदे." मी बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले.

संध्याकाळी हिराने वडिलांच्या हातून चार घास खाल्ले. ते खाली टाकले नाहीत.

मी दोन दिवस तिच्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता सिस्टरांनी स्टूल माझ्या हातात दिले. मी तिच्यासमोर तळवे उघडले, ते ओले होते. मी खोटे सांगितले, असे मी तिला म्हटले. "मना ठावं हाय," ती म्हणाली. आमच्याशी ती शाळेतली मराठी बोले, त्या दिवशी घरची बोलली. जिन्यात उभी राहून मी काय करत असे, हे तिने विचारले. मी म्हटले, उत्तर बनवत असे. ती म्हणाली, "मोतीचं छान बनवलं होतं." ही थट्टा होती की समजूत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सिस्टरांनी हे कोणाला सांगितले नाही, माझ्या गोपनीय अहवालात लिहिले नाही. डॉक्टरांनी तो प्रसंग भाषणात रंगवला, त्यानंतर मी सिस्टरांना विचारले की तुम्ही खरे का सांगितले नाही. "ते माझं नाही. तुमचं आहे, तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुम्ही रोज लिहिता ना घरी? निदान तिथं तरी खरं लिहा." तेही मी केले नाही. सिस्टर रजेवरून परतल्या त्यानंतरच्या दिवसांची पाने डायरीत कोरी आहेत. पुढे मी शिकवू लागले. मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी, यावर विद्यार्थिनींसमोर बोलते. रिकाम्या हातांची फेरी त्यांना शिकवते, सिस्टरांचे नाव घेऊन शिकवते. हिराचा विषय निघाला की खडू उचलते आणि फळ्याकडे वळते.

माझे वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. दिंडोशीहून बस बदलून दर गुरुवारी त्या माझ्या घरी येत. वडिलांना तळवे दाखवत आणि शेजारी बसत. त्या गेल्या की वडील मला विचारत, "या बाई तुला इतक्या कशा मानतात?"

हा लेख लिहिण्याआधी मी मालाडच्या बाजारात गेले. हिरा आता आईच्या जागेवर बसते. चालताना किंचित लंगडते, आवाज मात्र साऱ्या बाजाराला पुरेल असा. एका गिऱ्हाइकाला ती झापत होती, "बाई, पापलेट हाय ते, भेंडी नाय मोडून बघायला." मला तिने ओळखले आणि बर्फाची पेटी पुढे सरकवून बसायला दिली. मी लिहू का, असे विचारले. आधी तिने कोयता धुऊन घेतला. मग म्हणाली, "लिवा की. पन मोती नव्हता, ते पन लिवा."

निघताना तिने सिस्टरांसाठी निरोप दिला. मी तो तिच्यासमोर कागदावर उतरवून घेतला आणि वाचून दाखवला. तो असा: "सिस्टरबाईंना सांगा, पाय बरा हाय. थंडीत ठनकतो. आनि म्हनावं, इतक्यात मरायचं नाय, माझ्या लग्नाला यायचं हाय."

शालिनीताईंना निरामय, दीर्घ आयुष्य लाभावे, त्यांचे गुडघे कुरकुरणे थांबावे आणि ते उघडे तळवे अजून पुष्कळ मुलांना दिसावेत, ही आम्हा सर्वांची इच्छा आहे. ती हिराने माझ्यापेक्षा नीट सांगितली आहे, म्हणून तिचा एकही शब्द मी बदललेला नाही. लेख समितीकडे देण्याआधी तो निरोप पोचवायला मी दिंडोशीला गेले. सिस्टर तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यात थांबले नाही.