न धुतलेला स्वेटर

लग्नाआधी लोकरीचा कपडा मी कधी अंगाला लावला नव्हता. वेंगुर्ल्याकडे आमचं घर. तिथे थंडी म्हणजे पहाटे चुलीपाशी जरा जास्त वेळ बसायचं, एवढंच. सातवीत शाळा सुटली, पाठची भावंडं सांभाळली, मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या गिरणीतल्या नोकरीमागं नागपूरला आले. पहिल्याच डिसेंबरात पहाटे नळावर बोटं अशी आखडली की बादली हातातून सुटली. मला वाटलं, लकवा झाला. परक्या गावात सांगावं कुणाला, म्हणून तिथेच रडत बसले. आमच्या खोलीची मालकीण ओट्यावरून बघत होती.

"काहून रडून राहिली वं? थंडी आहे थे, मरत नाही कोणी. ये, शेगडीपाशी बस."

त्या मावशी. त्यांच्या शेगडीपाशी बसले ती पुढं कितीतरी हिवाळे बसले. आज माझ्या हातात जे काही आहे ते त्यांनी दिलेलं आहे.

सदर बाजारातल्या दुकानदारांसाठी मावशी शाळेचे स्वेटर विणत. पाठ, पोट आणि दोन बाह्या असे चार तुकडे वेगवेगळे विणून व्हायचे. ते जोडायचं काम त्यांनी मला दिलं. शिवण मला येत होती, पण ती लुगड्या-गोधड्यांची. मी दोरा खेचून घट्ट टाके घातले. मावशींनी तुकडा हातात घेऊन ताणला, तर कडकन दोरा तुटला.

"गोधडी शिवून राहिली का? विणलेलं कापड ताणते, बाई. त्याच्यासंगं शिवण बी ताणली पाहिजे. ढिलं सोड."

मग त्यांनी दाखवलं. दोन कडा शेजारी शेजारी ठेवायच्या. एका बाजूची आडवी दोरी सुईवर घ्यायची, मग दुसऱ्या बाजूची, आणि अलगद ओढायचं. दोन्ही कडा आपोआप जवळ येतात, शिवण दिसतसुद्धा नाही. असा जमलेला माझा पहिला स्वेटर मावशींच्या मुलाचा, विटकरी रंगाचा. ते छापखान्यात कामाला होते, पहाटेच सायकलवर निघायचे. मी बाही लावत असताना मुद्दाम येऊन उभे राहायचे. म्हणायचे, "ताई, बाही पाठीवर नको लावजा. मले सायकल उलटी चालवा लागीन." त्यांची बायको आतून हसायची. ती माझ्याच वयाची, भिवापूरची. मी तिला वहिनी म्हणायची, त्यांना दादा. त्यांची मुलगी तेव्हा रांगत होती.

पुढच्या पावसाळ्यात दादांना कावीळ झाली. झाडपाला झाला, मग मोठा दवाखाना झाला, आणि ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. नंतर मावशींनी त्यांचे कपडे गरजूंना वाटायला काढले. शर्ट गेले, पायजमे गेले. स्वेटर मात्र वहिनींनी आधीच उचलून आपल्या पेटीत ठेवला होता.

मावशी म्हणाल्या, "ठेव ना, कोण नाही म्हणते? पण धुऊन ठेव. हिवाळाभर अंगात होता त्याच्या. घामाची लोकर तशीच नाही ठेवत."

"नाही धुवायचा," वहिनी म्हणाल्या.

मावशींनी पुन्हा एकदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा नाही सांगितलं. कारण आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. दुपारी घरात सामसूम झाली की पेटीचं झाकण वाजायचं. वहिनी त्या स्वेटरात तोंड खुपसून बसायच्या. बिडी, खोबरेल, छापखान्याची शाई, सगळं त्यात होतं. रिठ्याच्या पाण्यात एकदा बुडवला असता तर तेवढंही गेलं असतं. बोलायचा माझा काय हक्क? पण धास्ती होती. मावशींच्या घरात लोकर कशी ठेवतात ते मी बघितलं होतं. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची, बाजेवर सावलीत पसरून वाळवायची आणि कडुलिंबाचा पाला घालून बांधायची. कसर लागते ती मळलेल्या लोकरीलाच आधी. तो बारीकसा किडा घामाचीच जागा हुडकतो.

दिवाळी झाली, गारवा पडू लागला. वहिनींचे वडील त्यांना भिवापूरला न्यायला येणार असं ठरलं. मुलीसाठी काहीतरी गरम हवं म्हणून वहिनींनी पेटी उपसली आणि एकदम ओरडल्या. मी धावत गेले. स्वेटर त्यांच्या हातात होता, आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. गळा खाल्लेला, काखा खाल्लेल्या, छातीवर चाळण. पेटीच्या तळाला विटकरी भुसा.

मावशी दारात आल्या. मला वाटलं, आता बोलणार. कुणीही बोललं असतं. त्या खाली बसल्या, स्वेटर मांडीवर घेऊन हात फिरवत राहिल्या.

"पाठ चांगली आहे," म्हणाल्या. "बाह्या बी आहेत. पोरीपुरती लोकर निघीन."

वहिनींनी स्वेटर परत ओढून घेतला आणि तोंडाशी धरला. त्यांनी दुसऱ्या जागी नाक लावलं, मग बाही उलटी करून आतून हुंगली.

"नुसता पेटीचा वास येऊन राहिला, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "त्याहिचा नाहीच."

मग स्वेटर माझ्यापुढं ठेवला. "उसवा, ताई."

जोड मीच घातलेला, आणि मलाच सापडेना. चुकून विणीचा टाका कापला असता तर उरलेली पाठसुद्धा उसवत गेली असती. उन्हात नेला, कड ताणून बघितली, तेव्हा एक आडवा दोरा दिसला. तिथे कात्रीचं टोक घातलं. बाह्या सुटल्या, पाठ सुटली. पोटाचा तुकडा मावशींनी बाजूला ठेवला. त्यातून दोरा निघालाच नसता, फक्त तुकडे निघाले असते.

पाठ उसवताना वाकडीतिकडी, कुरळी लोकर बाहेर येत होती. तिची लडी करायला वहिनी दोन्ही हात पसरून बसल्या आणि मावशी गुंडाळत होत्या. सासू-सून समोरासमोर, मध्ये तो एकच दोरा. वहिनींचे डोळे वाहत होते आणि हात अडकलेले, म्हणून मी माझ्या पदरानं पुसले. लडी रिठ्यात घातली तेव्हा पाणी काळसर झालं. मी घमेलं उचलून मोरीकडे निघाले, तर वहिनी म्हणाल्या, "तिथं नोको." अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली त्यांनी स्वतः ओतलं.

मावशींनी विणलं, मी जोडलं. वहिनींनी एकच सांगितलं, "शिवण अशी घाला की पुढच्या साली उसवता आली पाहिजे. पोरगी वाढून राहिली."

निघायच्या सकाळी पोरीला स्वेटर घातला. ती अंगणात गेली, मान खाजवली, परत आली.

"आई, टोचते वं हा."

धुऊन, उसवून लोकर जरा खरखरीत झाली होती.

"टोचत असन तर काढून टाक मंग," मावशी हळूच म्हणाल्या.

वहिनींनी वरचं बटण काढलं. मला वाटलं, आता काढतात. त्यांनी फ्रॉकची कॉलर गळ्याभोवती बाहेर ओढली, स्वेटरवर नीट दुमडून बसवली आणि बटण परत लावलं.

"आता नाही टोचणार," त्या म्हणाल्या, आणि पोरीला कडेवर घेतलं.