पंप शोधायला गेलेले चाचा

जगातलं कुठलंही आश्चर्य आमच्या खालच्या मजल्यावरच्या चाचांसमोर आणून उभं करा, ते आधी त्याच्या मागच्या बाजूला जाऊन पाण्याची लाइन कुठून आलीय ते बघतील. रत्नागिरीकडचा हा माणूस पंचविशीत कुवेतला आला आणि मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पंपांची दुखणी काढता काढता त्याची दाढी पांढरी झाली. "पंपाशिवाय जगात काय वर चढत नाय, भाऊ. पानी नाय नि मानूस पन नाय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी अर्दियातल्या एका गोदामात स्टोअरकीपर आहे आणि गेली अठरा वर्षं त्याच खुर्चीवर आहे. पंपाचं ते वाक्य म्हणताना ते नेमके माझ्याकडे का बघतात, हे मी कधी विचारलं नाही.

सबाह अल-सालेममधल्या आमच्या घरी चाचा आले की चहाच्या आधी भिंतीला कान लावायचे. डॉक्टर छाती तपासतात तसे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह रडतोय." तो खरोखरच रडत असायचा. एकदा एका मॉलमधल्या कारंज्यासमोर सगळे सेल्फी काढत असताना त्यांनी सिक्युरिटीवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "भाईसाब, इसका बेअरिंग गया." तो हसला. चौथ्या दिवशी कारंजं बंद! बाल्कनीत दोन निळ्या पिंपांत त्यांनी एक केळ आणि एक सुपारी लावली होती, तीही पन्नास डिग्रीच्या उन्हात. समुद्र उकळून केलेलं नळाचं पाणी झाडांना घालणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून आजूबाजूच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या एसीतून ठिबकणारं पाणी बारीक नळ्यांनी त्यांनी आपल्या पिंपांत आणून सोडलं होतं. त्यात आमचाही एसी होता. मार्चमध्ये हवा बरी म्हणून आम्ही तो बंद केला की तासाभरात दारावर थाप पडायची. "वहिनी, कोन आजारी हाय काय? नाय, माझी केळ तहानलीय म्हनून विचारतो." मग आम्ही स्वेटर घालून एसी लावायचो.

यंदा चाचा निवृत्त झाले. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, काही महिन्यांत संपणार होता, सामान बांधायला घेतलं, आणि गावाकडून मुलाचा फोन आला. मुलाने गाडी घेतली होती, पण ती दारापर्यंत येत नव्हती, कारण अंगणाच्या कडेने पाट वाहत होता. चाचांच्या आजोबांनी डोंगरातल्या झऱ्यापासून वाडीपर्यंत खणून आणलेला. मुलाचं म्हणणं, पाट बुजवू, बोअरवेल मारू आणि वर मोटर बसवू. पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी जेसीबी यायचा होता. चाचा फोनवर "बरा" म्हणाले. "बोअर नि वर पंप. झाला काम!" त्यांनी आम्हाला सांगितलं. पण त्या संध्याकाळी ते आमच्याकडे तासभर बसले आणि भिंतीला कान लावला नाही. चहाचे कप विसळताना बायको मला म्हणाली, "अहो, आपण स्पेनला चाललोय ना, यांनाही घेऊन जाऊ. जन्मभर या माणसाने कुवेत आणि मुंबई सोडून तिसरा विमानतळ पाहिला नाही."

अशा रीतीने, चाचांचा व्हिसा झाल्यावर, जेसीबीच्या सोमवारआधीच्या शनिवारी आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, कॉलेजातली मुलगी आणि चाचा, ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रासमोर उभे होतो. टेकडीवर लालसर किल्ला, त्यामागे हिरवा डोंगर आणि त्याच्याही मागे आकाशात टांगल्यासारखं बर्फ. आदल्याच दिवशी कुवेतच्या धुळीत आमच्या डोळ्यांत वाळू गेली होती. त्या डोळ्यांना हे एवढं हिरवं एकदम सोसेना. मी मात्र शिस्तीचा माणूस. मी वेळापत्रक छापून लॅमिनेट करून गळ्यात अडकवलं होतं. आतले महाल पाहायला अडीचची वेळ मिळाली होती. ती चुकली की चुकली, दुसरं तिकीट नाही. तोवर वरच्या बागा बघायच्या ठरल्या.

त्या बागेबद्दल काय लिहावं? सरूची काळपट उंच झाडं, गुलाबांचे ताटवे, मधोमध एक लांबलचक अरुंद हौद आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे झेपावणाऱ्या पाण्याच्या कमानी. शेकडो वर्षांपूर्वी वाळवंटाची आठवण रक्तात असलेल्या अरबी राजांनी हे केलं, हे कुवेतहून आलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तहानेशिवाय पाण्याचा असा लाड कुणी करत नाही. माझी मुलगीसुद्धा फोन खाली करून म्हणाली, "पपा, धिस इज अनरिअल." मी मागे वळून चाचांना म्हणालो, "काय चाचा, आहे की नाही?" मागे चाचा नव्हते.

दोन वाजले होते. फोन वाजत होता, पण ते उचलेनात. बायकोला आणि मुलीला मी पुढे पाठवलं, "मी आणतो त्यांना," असं मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि लॅमिनेट फडफडवत बाग पालथी घालू लागलो. सापडले ते अगदी वर. तिथे झाडांच्या सावलीत एक जिना आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांना वरून पन्हळी आहेत आणि त्यांतून पाणी पळत खाली येतं. आपण कठड्यावर हात ठेवून चढायचं, तर हाताखालून पाणी. चाचा मधल्या पायरीवर बसले होते, बाही कोपरापर्यंत वर, हात पन्हळीत.

"चाचा! अडीच वाजत आले! काय करताय?"

"पंप शोधत होतो," ते हळूच म्हणाले. "खालपासून लाइन धरून आलो. पंप नाय, भाऊ."

शेजारी एक म्हातारा माळी कात्रीला तेल देत बसला होता. चाचांनी त्याला मुठीने मोटरीची घरघर करून दाखवली, भुवया उंचावल्या. माळ्याने हसून मान हलवली. दूरच्या बर्फाकडे बोट केलं आणि मग हाताचा तळवा आडवा धरून किंचित, अगदी नखभर, कलता केला. चाचांनीही आपला ओला तळवा तसाच कलता केला.

"म्हंजे टाकी तिथं वर हाय," ते बर्फाकडे बघत म्हणाले. "नि बाकी निस्ता उतार. आमच्या आज्याने पन असाच हात करून बापाला दाखवला होता. मी तीस वर्षं लोकांना सांगत सुटलो, पंपाशिवाय काय होत नाय म्हनून."

मग त्यांनी खिशातून फोन काढला, मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा पन्हळीवर धरला.

"अब्बा, हा काय? कुठला पाट?"

"राजाचा हाय. सोमवारचा जेसीबी नको सांग."

"आवो, पन गाडी दारात कशी यायची?"

"वडाखाली लाव नि चालत ये. पानी एवढ्या लांबून चालत येतंय, तुला काय झाला?"

"बघतो," एवढंच बोलून मुलाने फोन ठेवला. चाचांनी हात पुन्हा पाण्यात घातला. मी घड्याळ पाहिलं, अडीच वाजून गेले होते. मग मीही गळ्यातलं वेळापत्रक काढून खिशात घातलं आणि दुसऱ्या कठड्याशी बसून हात बुडवला. एवढं थंड पाणी इतक्या जवळून मी कधी ऐकलं नव्हतं. अल्हाम्ब्राचे ते जगप्रसिद्ध महाल आम्ही दोघांनी बायकोच्या फोनवर पाहिले. बायको दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. चाचांशी नाही.

महिन्याभराने चाचा गावी परतले. निळी पिंपं नळ्यांसकट आमच्या बाल्कनीत आली. सुपारी तग धरून आहे, केळीचं काही सांगता येत नाही. मुलाने काय ठरवलं ते विचारायचं धाडस मला होत नव्हतं. परवा दुपारी चाचांचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. लावला, तर पुरी दोन मिनिटं त्यात एक शब्द नाही. नुसती खळखळ, मध्ये एक कोंबडा, पुन्हा खळखळ.

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, नळ चालू राहिलाय का कुठे?"

"राहू दे," मी म्हणालो, आणि उठून केळीसाठी एसी लावला.