धोट्याजवळची पाटी

आमच्या शहरातील जुन्या कापडगिरणीचे विणाई खाते आता जतन केलेली वास्तू म्हणून ओळखले जाते. बाकीची गिरणी पाडली गेली. ही लांबट इमारत आणि तिची चिमणी एवढेच उरले. करवतीच्या दातांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे आहेत. हेतू हा, की थेट ऊन न येता मागांवर दिवसभर सारखा उजेड पडावा. ही माहिती पाटीवर बिनचूक आहे. ती मीच तपासली.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. जतन समितीने पाट्यांचा मजकूर शुद्धलेखनासाठी पाठवला, तेव्हा मी तो आनंदाने घेतला. माझे वडील याच गिरणीत राबले, पण कताई खात्यात. विणाईत पगार अधिक होता, तरी त्यांना तेथे काम मिळाले नाही. त्याचे कारण वर्गात सांगावे तसे सांगते. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातील सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. पुढच्या पाळीचा माणूस तोच धोटा ओठांना लावणार. आमच्या माणसांच्या ओठांचा धोटा इतरांना चालत नसे. आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली, त्यानंतरही बाबा कताईतच राहिले.

धोट्याजवळच्या पाटीवर मात्र लिहिले होते, ‘येथे सर्व समाजांचे कामगार एका कुटुंबाप्रमाणे काम करीत.’ मी ते खोडून वरील कारण दोन वाक्यांत लिहिले. मजकूर परत आला. माझे सगळे अनुस्वार आणि स्वल्पविराम समितीने स्वीकारले होते. ती दोन वाक्ये तेवढी गायब होती आणि कुटुंब जागच्या जागी होते. मी पुन्हा लिहिले. पुन्हा तेच झाले.

समितीच्या सचिवांचा फोन आला. “मॅडम, सुटीच्या दिवशी लोक मुलं घेऊन येतील. थोडं सकारात्मक ठेवू न.”

“मुलांना छपराच्या काचा समजतील आणि हे समजणार नाही?”

“समजंल हो. म्हणूनच तर.”

तिसऱ्या खेपेस कुटुंब गेले आणि ‘तत्कालीन परिस्थितीमुळे काही मर्यादा होत्या’ असे आले. मी बाबांना वाचून दाखवले.

“कोणाच्या मर्यादा?” त्यांनी विचारले.

“ते लिहिलेले नाही.”

“मंग तुले तपासाले काहून देते वं?”

त्यातच समितीला फोटोसाठी एक ज्येष्ठ कामगार हवा होता आणि त्यांनी बाबांनाच बोलावले. जाऊ नका, असे मी सांगून पाहिले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार. “जातो न. आतून पाहाचंच राह्यलं आहे.”

फोटोवाल्याने त्यांना मागाजवळ उभे केले आणि हातात धोटा दिला. “काका, जसं काम करत होते तसं करून दाखवा.”

“मी इथं कामच नाही केलं.”

“मग कुठं?”

“भिंतीच्या पलीकडं. तिकडं आता गाड्या उभ्या राह्यते.”

“चालते काका,” सचिव म्हणाले, “फोटोत सारखंच दिसते.”

बाबांनी धोटा फिरवून भोक शोधले, त्यावर अंगठा ठेवला आणि तसेच उभे राहिले. फोटो उत्तम आला. निमंत्रणपत्रिकेवर तोच छापला गेला. भिंतीवर लावायच्या मोठ्या प्रतीसाठी बाबांची संमती आणि माझी तपासणी हवी होती. खालची ओळ अशी: ‘आपल्या मागावर ज्येष्ठ कामगार.’

बाबांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. “फोटो माहा आहे न? मंग खाली तुह्या त्या दोन ओळी लिवाच्या. नाही तर फोटो नको म्हणाव.”

मी तसे कळवले. पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यामुळे या वेळी उत्तर लवकर आले.

“मॅडम, लिहू आपण. फक्त अक्षर जरा बारीक ठेवलं तर चालंल का?”

मी बाबांना विचारले.

“मले वाचता आलं पायजे,” ते म्हणाले, “एवढंच.”

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मी सचिवांना स्पष्ट शब्दांत कळवले आहे.