एकदाच आलेली ऑर्डर

दीडशहाण्याने घोळ घातला तो एकाच आकड्यात. शत्रूने मुद्दाम जंतू सोडलेच तर कामी येईल असं औषध बनवणारी एक छोटी कंपनी होती. तिचा शेअर घ्यावा का, हे तो तपासत होता. सरकारने साठा करायला दिलेली भलीमोठी ऑर्डर त्याने एका वर्षाची विक्री धरली आणि पुढच्या प्रत्येक वर्षासमोर तोच आकडा बिनदिक्कत उतरवला. सरकार हे कंपनीचं एकुलतं एक गिऱ्हाईक. गोदामातल्या साठ्याची मुदत संपेपर्यंत ते परत फिरकणार नाही, हे काही साहेबांच्या डोक्यात आलं नाही.

दीडशहाणा हे नाव मामीने ठेवलेलं. तो दलालाच्या ऑफिसात कंपन्यांचे ताळेबंद वाचायचा आणि रविवारी मामाकडे जेवायला येऊन तेच ऐकवायचा. मामाने औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्याउभ्या जन्म काढलेला. आता गुडघे कुरकुरत होते. फंडाचे पैसे शेअरमध्ये घालायचे, ते वाढले की घरी बसायचं, एवढाच त्याचा बेत.

"आणि रोग आलाच नाही तर?" चादरीची घडी घालत मामीने विचारलं.

"रोग कशाला यायला हवा, मामी? भीती पुरते."

"मग मीच घेते की तुझं औषध. मला आत्ताच भीती वाटतेय."

"पोरगं शिकलेलं आहे गं," मामा म्हणाला. "मी डॉक्टरांना कधी उलट विचारलंय? चिठ्ठी आली की औषध काढून द्यायचं. याचं तर अक्षरही वाचता येतंय."

मामाने फंड रिकामा केला, वर हुरळून मालकाला राजीनामाही दिला. पुढची ऑर्डर आली नाही. शेअर असा आपटला की मामाला राजीनामा परत मागून घ्यावा लागला.

दीडशहाणा दुकानात गेला तेव्हा मामा काउंटरला टेकून, एका पायावर भार देऊन उभा होता.

"मामा, माझं चुकलं."

"चिठ्ठी तुझी, पण पुडी मीच बांधली ना?" मामाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "डोकं दुखतंय वाटतं."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्याने गोळ्यांची पट्टी पुढे सरकवली. दीडशहाण्याने मोठी नोट काढली. गल्ल्यात सुटे नव्हते.

"राहू दे. रविवारी येशीलच की."

त्यानंतर कितीतरी रविवार गेले. ऑफिसला जाताना तो हल्ली मागच्या गल्लीने जातो. गोळ्यांचे पैसे अजून द्यायचेच आहेत.