पाच केसांचा कांदा

सगळ्या कोल्हापुरात कांदा सोलताना हसणारा माणूस एकच होता, आणि तो माझा थोरला साडू होता. महाराजांच्या कारकिर्दीत गावात शाळा वाढल्या, त्यांतल्याच एका शाळेत ते शास्त्र शिकवीत. विलायतेला परतणाऱ्या एका डॉक्टराने त्यांना आपलं पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र देऊन टाकलं. त्या दिवसापासून त्यांच्या घरी कांदा आधी यंत्राखाली जाई आणि उरला तर भाकरीबरोबर येई. पाकळीच्या आतला पातळ पापुद्रा ते चिमट्याने सोडवीत, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरीत, आयोडिनचा थेंब सोडीत आणि वरची नाजूक काच तिरपी धरून निजल्या बाळावर पांघरूण घालावं तशी टेकवीत. आत बुडबुडा राहिला तर दिवसभर कुणाशी बोलत नसत. कोडोलीचा एक शेतकरी त्यांना कांदे आणून देई. त्याने एकदा यंत्राला डोळा लावला आणि ओरडला, "मास्तर, ही तर इटांची भिंत हाय की! हितं ऱ्हातंय कोण?"

"तुमचाच कांदा ऱ्हातोय, पावणं!"

त्या विटा म्हणजे पेशी. त्या मोजायला रेघा आखलेली काच लागते, ती साडूंकडे नव्हती. म्हणून पापुद्र्याशेजारी ते आपल्या बायकोचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, ताजा केस ठेवीत आणि पेशीच्या लांबीत किती केसांची जाडी बसते ते वहीत लिहीत. पाच केस. दर रविवारी पाच. माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलीचाही केस मागून घेतला होता. त्यानेही पाचच. मेहुणीला आम्ही अक्का म्हणत असू. त्या मला म्हणायच्या, "भावजी, सांगा की ह्यांना. टक्कल पाडतील माझं!" आणि पुढच्या रविवारी स्वतःच केस उपटून द्यायच्या.

एका वर्षी मात्र कांदा वाढू लागला. साडेपाच, सहा, दिवाळीला पावणेसात. साडू यंत्राची पेटी आणि वही घेऊन माझ्याकडे धावत आले. "साडूभाऊ, कोडोलीचा कांदा मोठा व्हायला लागलाय! तुम्ही आकड्यातला माणूस, तपासा."

मी दरबारात हिशेबनीस. वही दोनदा तपासली, चूक सापडली नाही. म्हटलं, "एकदा दुसऱ्या केसाने मोजून बघा." माझ्या बायकोने केस दिला. साडूंनी मोजलं, काचपट्टी बदलून पुन्हा मोजलं. पाच.

कांदा होता तेवढाच होता. केस बारीक होत चालला होता.

मग माझी बायको हळूच म्हणाली, "दाजी, अक्का जेवती का?"

अक्कांना उन्हाळ्यापासून बारीक ताप होता. खोकला त्या पदरात दाबत होत्या. डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. साडूंनी विचारलं, "बोलली का न्हाईस?" अक्का म्हणाल्या, "कांदा वाढतोय म्हणून किती खूश होता तुम्ही." दर रविवारी मीही त्यांच्या पंगतीला जेवत होतो. आकड्यातला माणूस असून मला दिसलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

माघात अक्का गेल्या.

पुढे शाळेला मुंबईहून रेघांची काच आली. साडूंनी ती वापरली नाही. अजून दर रविवारी ते पेटी आणि एक कांदा घेऊन आमच्याकडे येतात. माझ्या बायकोचा एक केस मागून घेतात, मोजतात, आणि यंत्रावरचा डोळा न काढता सांगतात, "पाच. जेवढ्याला तेवढा हाय." मग चहा घेतात.