शंकासुराची गिटार

त्याला सगळे शंकासुर म्हणत आणि ते त्याला ठाऊकही होतं. उभा जन्म पंपांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर गेला. समोर आलेला प्रत्येक सुटा भाग आधी खोटा धरायचा आणि खरा निघाला तरच पुढे सोडायचा, हे त्याचं काम. आता असलं काम संध्याकाळी फाटकापाशी ठेवून घरी यावं की नाही? पण नाही! हा गडी दूध आलं की पातेलं उजेडात धरणार, आणि कोणी साधं "कसे आहात?" म्हटलं तरी याच्या मनात पाल चुकचुकणार. याला आज काय हवंय बुवा?

निवृत्त झाल्यावर त्याने इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. तरुणपणी कारखान्याच्या संमेलनात कोणीतरी वाजवली होती, ती डोक्यात घर करून बसली होती. मग विकत का नाही घ्यायची? "सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी माल कसा पास होतो, ते मला विचारा," म्हणे. सुतारकामाचा गंध नाही, विजेचं काम म्हणजे बल्ब बदलण्यापुरतं, आणि सुराशी तर छत्तीसचा आकडा. पण हौसेला मोल नसतं.

मागच्या खोलीत भुशाचा ढीग झाला. लाकूडवाल्याने ओली फळी गळ्यात मारली असेल म्हणून ती त्याने हुंगली, ठोकली, कानाला लावली. गिटारची मान बसवायची खाच हवी त्यापेक्षा रुंद कोरली गेली, तेव्हा दोष मोजपट्टीला दिला आणि दुसरी मोजपट्टी आणली. दोन्हींचं माप एकच निघालं. मग खाचेत लाकडाच्या चकत्या ठोकून वेळ मारून नेली. वायरी जोडताना अंगठा भाजला, तर डाग द्यायचा कईयाच सदोष!

मुलगा म्हणायचा, "बाबा, त्यापेक्षा बागेत फिरून या." सून मात्र दारात येऊन उभी राहायची, काय चाललंय ते विचारायची, वायर डागताना बॅटरीचा उजेड धरायची. बायको गेल्यापासून घरात त्याच्याशी आपणहून बोलणारं तेवढंच एक माणूस. ती बोलली नाही तर त्याचा दिवस मुकाच जायचा. लहानपणी ती गाणं शिकली होती, कान तयार होता. हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी तारा चढल्या. त्याने सूर जुळवायचं छोटं यंत्र टोकाला लावलं, खुंट्या पिळून सगळ्या तारांचा काटा मधोमध आणला आणि अभिमानाने झोपला. सकाळी वाजवून बघतो तर स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "बाबा, तिसरी तार उतरलीय."

त्याने यंत्र लावलं. खरंच उतरली होती! पुन्हा जुळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आज सगळ्यात जाडी उतरलीय, बाबा." तेही अगदी बरोबर.

झालं! पाल चुकचुकली. भिंतीपलीकडून, न बघता, हिला कसं कळतं? जिने उतरवली तिलाच कळणार ना! खाई त्याला खवखवे. त्याने खुंट्यांवर पेन्सिलीच्या खुणा केल्या, दारात अंगाची पावडर भुरभुरली. सकाळी पावडरीवर पाऊल नाही, खुणा जागच्या जागी, आणि तारा मात्र उतरलेल्या. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. शंकासुर म्हणाला, बाई भलतीच हुशार आहे.

जेवताना तो मुलासमोर बोललाच. "माझ्या गिटारीला हात लावायचा नाही. मी गाढव नाही."

"मी कशाला हात लावू, बाबा?" सून गोंधळली.

"मग तुला कळतं कसं?"

तिच्या हातातला घास हातातच राहिला. मुलगा चिडून काहीतरी बोलला, पण ती नुसतीच उठली आणि ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी हा कुलपाची पेटी आणायला वाद्यांच्या दुकानात गेला. "घरात हात लावतात," असंही सांगितलं.

दुकानदाराने विचारलं, "तारा नव्या आहेत का?"

"कोऱ्या."

"मग रोज उतरणारच, काका! नवी तार ताणत राहते. ओढून ओढून बसवावी लागते. घरच्यांना कशाला बोल लावता?"

सुनेने यालाही फितवलंय की काय, अशी शंका त्याला आली. हो, आलीच! पण दुकानदाराने नवी तार चढवून सूर जुळवला आणि खुंटीला हात न लावता तार बोटाने दोन-चारदा ओढली. काटा खाली. शंकासुराची कानशिलं तापली. पेटी न घेताच तो घरी आला.

"सूनबाई, चूक माझी होती. तारा आपोआपच उतरत होत्या."

"ठीक आहे, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्या दिवशीही तिने त्याला वेळेवर वाढलं, औषधाची आठवण करून दिली.

तारा यथावकाश बसल्या. तो रोज सकाळी वाजवायचा आणि थांबायचा. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा, बाकी काही नाही. दारातही आता कोणी येत नव्हतं. आपण तिला काय बोललो, हे आठवून त्याला जेवण जाईना.

एका सकाळी न राहवून त्याने मुद्दाम एक तार चांगली ढिली केली, इतकी की बहिऱ्यालाही टोचावी. गिटार गळ्यात अडकवून तो थेट ओट्यापाशी गेला आणि सगळ्या तारा छेडल्या. भाजी चिरता चिरता तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. ती त्याने पाहिली.

"सांग ना, सूनबाई, कुठली उतरलीय?"

तिने मान वर केली नाही.

"मला त्यातलं काही कळत नाही, बाबा."